आधी डाळ मोजा, पीठ नंतर शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "वय ३४. चार वर्षांपासून व्हीगन आहे. दूध, तूप, मध काहीच घेत नाही. गेल्या महिन्यात सिलिॲकचं निदान झालं आणि गहूही बंद झाला. ग्लूटेन-फ्री पाव बघावा तर त्यात अंडं, व्हीगन कबाब बघावेत तर त्यात गव्हाचं ग्लूटेन. सध्या सकाळी कॉर्नफ्लेक्स आणि बदामाचं दूध, दोन्ही वेळा भात-बटाटा असं चाललंय. गव्हाऐवजी कुठलं पीठ घेऊ? रोजचं खाणं कसं बसवू? थकवा अजून तसाच आहे."

सिलिॲक म्हणजे ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं एक प्रथिन, पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच लहान आतड्याला इजा करतं तो आजार. पिठाचं उत्तर दोन ओळींचं आहे. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी, मका, राजगिरा, कुट्टू, क्विनोआ यांत ग्लूटेन नसतं. गहू, जव (म्हणजे बार्ली) आणि राय या तिघांत असतं. खपली आणि स्पेल्ट हेही गहूच, त्यामुळे 'जुन्या काळचा गहू चालतो' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. कुट्टूला इंग्रजीत बकव्हीट म्हणतात म्हणून लोक उगाच घाबरतात. त्याचा गव्हाशी काही संबंध नाही.

एवढं झालं की माझ्याकडे येणारे बहुतेक जण निर्धास्त होतात. मला मात्र काळजी तिथूनच लागते. तुमच्या प्रश्नात मी अडकले ती 'बदामाचं दूध' आणि 'भात-बटाटा' या शब्दांवर.

हिशोब करून बघू. गहू आणि दूध दोन्ही खाणारा माणूस दिवसाला २०० ग्रॅम कणीक आणि अर्धा लिटर दूध घेतो असं धरा. कणकेतून सुमारे २४ ग्रॅम प्रथिनं, दुधातून १६, झाली ४०. आता कणकेच्या जागी २०० ग्रॅम तांदूळ आणि दुधाच्या जागी अर्धा लिटर बदामाचं दूध ठेवा. तांदळातून १४, बदामाच्या दुधातून जेमतेम दोन-तीन. झाली १७. ताट तेवढंच भरलेलं दिसतं, पोटही भरतं, आणि २३ ग्रॅम प्रथिनं कुणाच्या लक्षात न येता गेलेली असतात. भाताऐवजी नुसता बटाटा किंवा टॅपिओकाचं (साबुदाण्याच्या कंदाचं) पीठ असेल तर हिशोब आणखी बिघडतो, कारण टॅपिओका म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च.

ही २३ ग्रॅमची तूट भरायला किती लागतं? साधारण १०० ग्रॅम कोरडी डाळ. म्हणून मी पहिल्या भेटीत पिठाबद्दल बोलतच नाही. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा काढायला लावते आणि डाळ मोजायला सांगते. गव्हाची जागा पिठाने भरून निघते, पण गहू आणि दूध दोन्ही गेल्यावर जी पोकळी पडते ती पिठाने भरत नाही. ती कडधान्यांनी आणि सोयाबीनने भरते. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं खाणं आपोआप मांडता येतं.

तुमचं वजन तुम्ही लिहिलेलं नाही, ६० किलो धरते. किलोला ०.८ ग्रॅम या नेहमीच्या हिशोबाने ४८ ग्रॅम प्रथिनं होतात. वनस्पतींतली प्रथिनं थोडी कमी पचतात आणि तुमचं आतडं अजून बरं व्हायचंय, म्हणून मी ६० मागेन. ते असं जमतं: सकाळी एक मोठा कप, म्हणजे २५० मिली, सोयाचं दूध (८ ग्रॅम) आणि ३० ग्रॅम बेसनाचं धिरडं (साडेसहा). दुपारी ४० ग्रॅम कोरड्या कडधान्याची उसळ (९), सोबत ६० ग्रॅम तांदूळ (चार) किंवा ज्वारी (सहा). संध्याकाळी मूठभर, ३० ग्रॅम, शेंगदाणे (७). रात्री १०० ग्रॅम घट्ट टोफू (१२), ३० ग्रॅम डाळ (७) आणि ६० ग्रॅम बाजरी (साडेसहा). बेरीज साठच्या थोडी वर जाते. भाज्यांतून मिळतं ते मी मोजलेलंच नाही, ते वरकड समजा.

सोयाचं दूध मुद्दाम लिहिलं. वनस्पतींच्या दुधांत गाईच्या दुधाच्या जवळपास प्रथिनं असतात ती सोयाच्या आणि मटारच्या प्रथिनांपासून केलेल्या दुधात. बदाम, नारळ, तांदूळ यांची दुधं चहा-कॉफीला चवीपुरती घ्या, पण त्यांना जेवणात धरू नका.

प्रत्येक जेवणात थोडं तरी कडधान्य का हवं, तर धान्यांत लायसिन नावाचं अमायनो आम्ल कमी असतं. ज्वारीत तर फारच कमी. डाळींत ते भरपूर असतं, आणि डाळींत जे कमी ते धान्यांत असतं. एकाच घासात दोन्ही यायला हवीत असं नाही, दिवसभरात आली तरी पुरतं. पण जे लोक 'डाळ संध्याकाळी बघू' म्हणतात त्यांची डाळ राहून जाते हा माझा अनुभव आहे, म्हणून तीन वेळांत वाटून टाका.

इथे एक तक्रार हमखास येते: गॅस. सिलिॲकमध्ये लहान आतड्याच्या आतले बारीक अंकुर झिजलेले असतात. त्या आतड्यावर पहिल्याच आठवड्यात राजमा आणि छोले टाकलेत तर ते निषेध नोंदवणारच. पहिले दोन-तीन आठवडे सालं काढलेली मुगाची डाळ, मसुराची डाळ आणि टोफू यांवर राहा. मग भिजवून मोड आणलेले मूग, मग मटकी-चवळी, आणि शेवटी हरभरा-राजमा. भिजवलेलं पाणी टाकून द्या, मऊ होईपर्यंत शिजवा. अर्धकच्चं कडधान्य 'जास्त पौष्टिक' असतं या समजाने किती पोटं बिघडलेली पाहिली आहेत.

आता कॉर्नफ्लेक्स. मक्यात ग्लूटेन नाही, पण बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच कॉर्नफ्लेक्सना चव यावी म्हणून जवाचं माल्ट लावलेलं असतं. डब्याच्या मागे घटकांच्या यादीत 'माल्ट', 'माल्ट अर्क' किंवा 'बार्ली माल्ट' हे शब्द शोधा. सापडले तर तो डबा घरातल्या दुसऱ्या कुणाला देऊन टाका. तुमच्या महिनाभराच्या थकव्याचं कारण तेच आहे असं मी म्हणत नाही. आतडं भरून यायला महिने लागतात, काहींना वर्षाहून जास्त. पण रोज सकाळी थोडं ग्लूटेन जात असेल तर ते भरून येणारच नाही.

तुमची गंमतीदार वाटणारी तक्रार, म्हणजे ग्लूटेन-फ्री पावात अंडं आणि व्हीगन कबाबात गहू, ही या आहाराची खरी अडचण आहे, आणि तिच्यामागे रसायनशास्त्र आहे. ग्लूटेन ही पिठातली लवचीक जाळी. ती गेली की पाव धरून ठेवायला दुसरं प्रथिन लागतं, तिथे कारखाने अंड्याचा पांढरा भाग किंवा दुधातलं केसीन वापरतात. उलट मांसाचा तंतूदारपणा वनस्पतींतून आणायचा तर सगळ्यात सोपा माल म्हणजे गव्हाचं ग्लूटेन. सेतान नावाने जे मिळतं ते तर धुऊन काढलेलं निव्वळ ग्लूटेनच. एक फळी दुसरीला खोडते. म्हणून तयार मालाच्या फळीवर जगायचं सोडा. ती प्रवासापुरती, अडीअडचणीपुरती ठेवा.

(जाता जाता: 'व्हीगन' हा शब्द इंग्लंडमध्ये १९४४ च्या नोव्हेंबरात डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या मंडळींनी रूढ केला. त्याच हिवाळ्यात, १९४४-४५ मध्ये, नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडून पाव मिळेनासा झाला होता. विलेम डिके या बालरोगतज्ज्ञांना गव्हाबद्दल आधीपासून संशय होता; त्या टंचाईने त्यांच्या निरीक्षणांना बळ मिळालं आणि १९५० मध्ये त्यांनी त्यावर प्रबंध लिहिला. तुमच्या ताटातल्या दोन्ही 'नाहीं'ची गोष्ट एकाच हिवाळ्यातून जाते.)

लेबल वाचताना आता दोन याद्या डोक्यात ठेवायच्या. पहिली ग्लूटेनची: मैदा, रवा, दलिया, कुसकुस, माल्ट, साधा सोया सॉस (तो सोयाबीन आणि गहू मिळून आंबवतात), जवाची मिसो (जपानी आंबवलेली चटणी), बीअर, आणि डबीतला हिंग. शुद्ध हिंग फार उग्र म्हणून तो पिठात मिसळून विकतात, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचं असतं. तांदळाच्या पिठातला हिंगही मिळतो, फक्त डबी उलटी करून बघायची. दुसरी यादी प्राण्यांची: व्हे, केसीन, दुधाची पावडर, अंड्याचा पांढरा भाग, जिलेटिन, मध. 'व्हीट-फ्री' लिहिलेलं ग्लूटेन-फ्री असेलच असं नाही, त्यात जव असू शकतो. उलट 'ग्लूटिनस राइस' या नावाच्या चिकट तांदळात ग्लूटेन नसतं.

ओट्सचं वेगळं सांगते. ओट्समधलं प्रथिन वेगळं आहे आणि सिलिॲकच्या बहुतेक रुग्णांना ते चालतं, थोड्यांना चालत नाही. पण साधे ओट्स शेतापासून यंत्रापर्यंत गहू-जवाच्या संगतीत असतात. ग्लूटेन-फ्री म्हणून प्रमाणित असतील तेवढेच घ्या, आणि तेही पहिले काही महिने टाळून, तब्येत सावरल्यावर, एकेका वाटीने. आत्ता नकोत.

किती ग्लूटेन म्हणजे जास्त? कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकाप्रमाणे किलोला २० मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे २० पीपीएमपर्यंत, ग्लूटेन असलेल्या पदार्थाला ग्लूटेन-फ्री म्हणता येतं. दिवसाला १० मिलिग्रॅमच्या आत राहिलं तर बहुतेक रुग्णांना बाधत नाही असं सर्वसाधारणपणे मानतात. गव्हाच्या पावाच्या एका स्लाइसमध्ये दोन-अडीच ग्रॅम ग्लूटेन असतं. म्हणजे १० मिलिग्रॅम हा त्या स्लाइसचा दोनशेवा भाग. पिठात सांगायचं तर बोटाला चिकटतं तेवढं.

बोटाला चिकटतं तेवढं, हे मला एका चाळणीने शिकवलं. सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट आहे. एका बाईंचा आहार मी चोख बसवून दिला होता, आठ महिने झाले तरी रक्तातली टीटीजी प्रतिपिंडं (सिलिॲकमध्ये वाढतात ती) उतरायला तयार नाहीत. त्यांनी लिहून आणलेलं सगळं तपासलं; एक अक्षर चुकीचं नव्हतं. मला वाटू लागलं की त्या लपवताहेत, आणि ते मनात आणल्याची आजही लाज वाटते. शेवटी त्यांना म्हटलं, डब्यातून पीठ काढल्यापासून तव्यावर जाईपर्यंत काय काय करता ते हात हलवून दाखवा. त्यांनी दाखवलं: डबा उघडला, पीठ काढलं, चाळलं. "चाळणी कुठली?" त्या थांबल्या. घरात बाकीच्यांसाठी कणीक चाळायची तीच. बारीक जाळीच्या कडेला, पत्र्याच्या दुमडीत, कणीक वर्षानुवर्षं बसलेली. ती घासून निघत नाही. पुढच्या तपासणीत आकडा उतरला होता.

तेव्हापासून मी यादीच्या आधी भांडी विचारते. चाळणी, लाकडी पोळपाट-लाटणं, लाकडी चमचे, टोस्टर, चरे पडलेलं नॉनस्टिक, हे तुमचं स्वतंत्र हवं. स्टीलची आणि काचेची भांडी नीट घासली की चालतात. पास्ता निथळायची भोकांची चाळणही वेगळी. शेंगदाण्याच्या लोण्याच्या बरणीत कुणी पावाला लावलेली सुरी परत बुडवत असेल तर तुमची बरणी वेगळी करा, झाकणावर रंगीत पट्टी चिकटवा. घरात गव्हाचं पीठ मळलं-चाळलं जात असेल तर तुमचं जेवण त्याआधी करून झाकून ठेवा, कारण पीठ हवेत उडून खाली बसत राहतं.

आणि डाळी निवडा. विकतची डाळ स्वच्छ आली म्हणून निवडायची सवय मोडलेली असेल तर परत लावा. मसूर, हरभरा ही पिकं पुष्कळ ठिकाणी गहू-जवाच्या फेरपालटीत घेतात, तीच कापणीयंत्रं, तीच गोदामं. पांढऱ्या ताटात अख्खे मसूर एका थरात पसरा आणि बोटाने थोडे थोडे बाजूला ओढत जा. मसूर गोल, चपटे. त्यांत लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, पोटावर उभी चीर असलेला दाणा दिसला की तो गहू किंवा जव. अर्ध्या किलोत एखाद-दुसरा सापडतो, कधी एकही नाही. निवडून झाल्यावर दोन-तीन पाण्यांनी धुवा. बेसन, ज्वारीचं पीठ अशी दळलेली पिठं निवडता येत नाहीत, म्हणून ती ग्लूटेन-फ्री लिहिलेली घ्या, किंवा अख्खं धान्य निवडून घरच्या यंत्रावर दळा.

आता तुम्ही विचारलेलं पीठ. ग्लूटेन नसलेल्या पिठाला धरून ठेवायला दोन गोष्टी उपयोगी पडतात: उकळतं पाणी आणि इसबगोल.

उकळत्या पाण्याची रीत भाकरीसाठी. एक वाटी पीठ परातीत घ्या, मधे खळगा करा. पाऊण वाटी पाणी मिठासह खळखळून उकळा आणि लगेच ओता. कोमट पाण्याने हे होत नाही. साधारण ७० अंशांच्या वर पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो आणि ग्लूटेनचं काम काही अंशी तोच करतो. उलथन्याच्या दांड्याने हलवा, झाकून पाच मिनिटं विसरा. हाताला सोसेल इतकं झालं की तळव्याच्या टाचेने दाबत, पुढे ढकलत मळा. सुरुवातीला कडा फाटतात. लागेल तसा पाण्याचा हात घेत तीन-चार मिनिटं मळलं की गोळ्यावर भेगा दिसेनाशा होतात. तरीही फाटत राहिला तर हात वाईट नाही, पीठ जुनं आहे. जुन्या पिठाची विरी गेलेली असते. बाजरीचं पीठ तर काही दिवसांत कडवट होतं, त्यात तेलाचा अंश जास्त; थोडंच दळा आणि फ्रीजमध्ये ठेवा.

पावासाठी इसबगोल. एकूण ३५० ग्रॅम पीठ घ्या, त्यात साधारण निम्मं ज्वारी-कुट्टूसारखं पूर्ण धान्याचं आणि निम्मं टॅपिओका किंवा बटाट्याचं स्टार्च. त्याला २० ग्रॅम इसबगोलाचा भुसा, यीस्ट, मीठ, थोडी साखर, तेल आणि ३५० ते ४०० मिली कोमट पाणी. कालवल्यावर ते खिरीसारखं पातळ दिसेल आणि तुम्हाला आणखी पीठ घालायची अनिवार इच्छा होईल. घालू नका. दहा मिनिटांत इसबगोल पाणी पिऊन घेतो आणि गोळा तयार होतो. भाजल्यावर पूर्ण गार होईपर्यंत कापायचा नाही; गरम कापला तर आत चिकट लगदा मिळतो आणि पाव बिघडला असं वाटतं. केकमध्ये एका अंड्याऐवजी एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवून चालते. फेस हवा असेल तिथे छोले शिजवलेलं दाट पाणी गार करून फेटा, ते अंड्याच्या पांढऱ्या भागासारखं फुगतं.

भाताबद्दल एक इशारा. भात वाईट नाही, पण गहू गेल्यावर नाश्ता, जेवण, बिस्किट, शेवया, दूध सगळंच तांदळाचं होऊन बसतं. तांदूळ जमिनीतलं आणि पाण्यातलं आर्सेनिक इतर धान्यांपेक्षा जास्त ओढतो. दिवसातून एकदाच भात ठेवा, शक्य तेव्हा भरपूर पाण्यात शिजवून पाणी काढून टाका, आणि धान्यं फिरती ठेवा.

गोळ्यांकडे वळते. इथे मी अजिबात सवलत देत नाही.

बी-१२. चार वर्षं व्हीगन आणि प्रश्नात बी-१२ चा उल्लेख नाही, हे वाचून मी तुमच्या थकव्याकडे नव्याने बघते आहे. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो आणि मग संपतो. वनस्पतींतून भरवशाचं बी-१२ मिळत नाही. स्पिरुलिनात असतं ते बहुतांशी नकली रूप, शरीराला निरुपयोगी, वर चाचणीत फसवणारं. आंबवलेल्या पदार्थांवरही विसंबू नका. तपासणी आधी करून घ्या. पातळी ठीक असेल तर रोज १० मायक्रोग्रॅम किंवा आठवड्यातून एकदा २००० मायक्रोग्रॅम. आठवड्याचा डोस एवढा मोठा असतो कारण एका वेळी शरीर नीट शोषतं ते जेमतेम दोन मायक्रोग्रॅम, बाकीच्यातला शंभरावा भाग. पातळी खाली असेल तर हे प्रमाण पुरणार नाही, डॉक्टर इंजेक्शन किंवा मोठा डोस देतील. हातापायांना मुंग्या येत असतील तर वाट बघू नका. आणि बी-१२ न तपासता नुसतं फॉलिक ॲसिड सुरू करू नका. रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसांचं नुकसान आत चालू राहतं.

लोह. ते शोषलं जातं लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, आणि सिलिॲक नेमकं तिथेच पहिलं घर करतो. शिवाय मांसाहार नसलेल्यांची लोहाची गरज काही देशांत १.८ पट धरतात, कारण वनस्पतींतलं लोह कमी शोषलं जातं. हिमोग्लोबिनवर समाधान मानू नका, शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन तपासा. डाळीवर लिंबू पिळा, पेरू-संत्रं-ढोबळी मिरची यांपैकी काही जेवणातच घ्या, आणि चहा-कॉफी जेवणापासून तासभर लांब ठेवा. मोड आणणं, आंबवणं, भिजवणं यांनी खनिजं बांधून ठेवणारे फायटेट कमी होतात आणि लोह-जस्त दोन्ही सुटं होतं. फेरिटिन फार खाली असेल तर मात्र खाण्याने भरून काढायच्या गप्पा नकोत, औषध लागतं.

कॅल्शियम दिवसाला १००० मिलिग्रॅम धरा. नाचणीच्या ६० ग्रॅम पिठातून दोनशेच्या आसपास, कॅल्शियम घातलेल्या सोया दुधाच्या कपातून तीनशे (बाटली हलवून ओता, कॅल्शियम तळाशी बसतं), कॅल्शियम सल्फेटने गोठवलेल्या टोफूतून आणखी. पालकावर भिस्त नको; त्यातल्या ऑक्झलेटमुळे कॅल्शियमचा जेमतेम विसावा भाग अंगी लागतो. कोबी, ब्रोकोली बऱ्या. हाडांची घनता एकदा मोजून घ्यायची का, हे डॉक्टरांना विचारा. सिलिॲक उशिरा सापडलेल्यांत हाडं ठिसूळ झालेली असू शकतात.

ड जीवनसत्त्वाच्या साध्या डी-३ गोळ्या मेंढीच्या लोकरीतल्या चरबीपासून करतात. दगडफुलासारख्या लायकेनपासून केलेलं डी-३ मिळतं, किंवा डी-२ घ्या. कुठलीही गोळी घेताना तीन गोष्टी विचारा: कॅप्सूल जिलेटिनची आहे का, गोळी बांधायला लॅक्टोज (दुधातली साखर) वापरलंय का, आणि स्टार्च कशाचा आहे. आयोडीन साध्या आयोडीनयुक्त मिठातून मिळतं; गुलाबी मिठाच्या नादी लागून ते बंद करू नका, सिलिॲकमध्ये थायरॉइडच्या तक्रारी तशाही जास्त दिसतात. ओमेगा-३ साठी रोज एक मोठा चमचा जवसाची पूड. अख्खं जवस न चावता गेलं तर तसंच बाहेर पडतं.

बाहेर खाताना 'ग्लूटेन-फ्री आहे का' हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही, उत्तर बहुतेक वेळा 'हो' येतं. नेमकं विचारा: यात मैदा, रवा, सोया सॉस आहे का? रस्सा दाट कशाने केला? तळायचं तेल तेच आहे का ज्यात पावाचा चुरा लावलेलं तळलं? उत्तर देणारा आत जाऊन विचारून आला तर तिथे जेवायला हरकत नाही. जागच्या जागी मान हलवली तर फळं खा, घरी येऊन जेवा. पिशवीत भाजलेले शेंगदाणे-फुटाणे कायम असू द्या.

मूल होऊ देण्याचा विचार असेल, किंवा हाच आहार लहान मुलाला द्यायचा असेल, तर माझं हे उत्तर त्याला पुरेसं नाही. तिथे प्रत्यक्ष देखरेख हवी.

घरातल्या इतरांनाही सिलिॲकची चाचणी करायला सांगा. आई-वडील, भावंडं, मुलं यांना धोका सर्वसाधारण माणसापेक्षा जास्त असतो. फक्त चाचणीआधी त्यांनी गहू सोडायचा नाही, नाहीतर अहवाल खोटाच चांगला येतो. तुमची स्वतःची टीटीजी साधारण सहा महिन्यांनी परत करतात. ती हळूहळू उतरते, पहिल्याच वेळी शून्य अपेक्षू नका.

या आठवड्यात इतकंच करा: माल्ट शोधून कॉर्नफ्लेक्स काढून टाका, नवी चाळणी आणा, बी-१२ आणि फेरिटिन तपासायला द्या. मग तीन दिवस, त्यातला एक सुट्टीचा, जे खाल ते कोरडं वजन करून लिहा. चहातलं दूधसुद्धा, आणि कुठल्या भांड्यात शिजवलं तेही. तो कागद आणि दोन्ही अहवाल घेऊन तुमच्या जवळच्या आहारतज्ज्ञाकडे जा.